वदीमाच्या मापाची बत्तूला

कलथमच्या माहेरी बायका म्हणायच्या, पुरुषाला एकदा तोंड दाखवलं की त्याचं बघून संपतं आणि बाईचं राखून संपतं. तिच्या आईनं नवऱ्याला उभ्या जन्मात आपलं नाक दाखवलं नाही. ती मेली तेव्हा न्हाऊ घालायला आलेल्या बायकांनी तिची बत्तूला, तोंडावरचा कापडी मुखवटा, सोडली आणि क्षणभर चपापल्या म्हणे, आपण भलत्याच घरात तर शिरलो नाही ना!

कलथम त्या आईची लेक. आखातातल्या रास अल खैमाच्या खाडीकाठी मुसब्बह नाखव्याच्या घरात ती नवरी होऊन आली तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. आता त्याची दाढी पांढरी व्हायला लागली होती. पण दिवा विझल्याखेरीज तिनं बत्तूलेची दोरी कधी सैल केली नाही, आणि पहाटेची बांग व्हायच्या आत ती पुन्हा आवळलेली असायची. निळीत बुडवून, दगडानं घोटून चकचकीत केलेलं कापड, डोळ्यांपुरत्या दोन फटी, नाकावर खजुरीच्या काडीचा ताठ कणा. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं बंद. जेवताना ती डाव्या हातानं खालची कड उचलायची आणि उजव्या हातानं घास आत सारायची, आणि हे इतकं झटक्यात की पाहणाऱ्याला वाटावं, ही बाई कापडानंच जेवते.

मुसब्बह तरुणपणी थट्टा करायचा, "कलथम, एकदा बघू तरी दे. गलबतावरच्या पोरांशी मी पैज मारलीय, तुला मिशा आहेत म्हणून."

ती म्हणायची, "माझ्या बघितल्यात तर तुमच्या गळतील."

पुढं त्यानं विचारणं सोडून दिलं. तिला वाटलं, आपण जिंकलो.

एकाच गोष्टीत ती हरलेली होती. तिची कूस उजवली नाही. आणि त्या वस्तीत बाईला नाव मिळतं ते लेकराचं. कुणी सईदची आई, कुणी खलफानची आई. चिमट्यानं निखारा उचलून देणारी मोलकरीणसुद्धा बिलालची आई. कलथमच्या सोन्याच्या बांगड्या कोपरापर्यंत, पण हाक काय? सुलतानची लेक. केस पिकले तरी सुलतानची लेक. सुलतान वाळूखाली जाऊन जमाना झाला, तरी बायका तिला त्याच्याच नावानं ओढायच्या. पुन्हा हाक मारताना असा काही मध घालायच्या आवाजात, की तिला तो थुंकीसारखा लागायचा.

म्हणून सवत तिनं स्वतः पसंत करून आणली. लोकांनी "नाखव्यानं दुसरी केली" म्हणण्यापेक्षा "कलथमनं करून दिली" म्हणावं, एवढीच हौस. डोंगराखालच्या खजुरीच्या बागांतून तिनं चार मुली पाहिल्या आणि त्यांतली सगळ्यांत किडकिडीत निवडली. बाजारात कोंबडी घेतो आपण, हात लावून, वजन बघून. तिनं तशीच निवडली, फक्त उलटी. जिच्या छातीत घरघर वाजत होती ती. एक लेकरू द्यावं आणि फार दिवस जागा अडवू नये, असा हिशोब.

तिचं नाव वदीमा. वर्षभरात तिला मुलगी झाली. मुलीचं नाव ठेवलं शम्सा.

लग्नानंतर वदीमाला बत्तूला चढली, ती तरुण बायकांची असते तशी, अरुंद, भुवयांवर कमान घेतलेली, गालांवर निमुळती. कलथमची रुंद, ओठांच्या खाली उतरणारी, जुन्या घराण्याची. लांबून कुणीही सांगावं, ही थोरली आणि ही धाकटी.

बाळंतपणातून उठलेली वदीमा एकदा दुपारी बत्तूला सोडून लेकीला पाजत बसली होती. कलथम दारात आली.

"हे काय? दावं सोडलेल्या गाईसारखी बसलीयस?"

"अक्का, पोरगी तर आहे. उकडतंय म्हणून—"

"पोरींना जीभ फुटते. उद्या गल्लीभर सांगत सुटेल, आईच्या हनुवटीवर तीळ आहे, आईचा दात पुढं आहे. या घरात दिवसा उघडं तोंड चालत नाही. लेकरासमोरही नाही."

वदीमानं मुकाट्यानं दोरी बांधली. आणि शम्सा वाढली ती त्या कापडाखाली. दूध पिताना पोर बत्तूलेची खालची कड मुठीत धरायची. निळीचा रंग तिच्या बोटांना लागायचा, बोटं ती तोंडात घालायची. तिला आई म्हणजे ती अरुंद निळी चमक, केशरी ओढणीला लागलेला ऊदाचा आणि केशराचा वास, आणि मधूनच येणारा बारीक खोकला.

खोकला वाढला. रुमालावर रक्त आलं तसं मुसब्बहनं तिला आगबोटीनं मुंबईच्या इस्पितळात न्यायचं ठरवलं. तिचा भाऊ सोबत निघाला. किनाऱ्यावर होडीत पाय ठेवताना वदीमानं कलथमचा हात धरला.

"अक्का, पोरीला माझी आठवण देत जा हो. लहान आहे, विसरेल."

"देईन की. आठवण द्यायला काय धान्य लागतं?" कलथम म्हणाली.

शम्सानं घर डोक्यावर घेतलं. दूध नको, खजूर नको, मांडी नको. कलथमनं उचललं की पोर धनुष्यासारखी ताठ व्हायची आणि त्या रुंद बत्तूलेवर चापट्या मारायची. मुसब्बह बाहेर पुरुषांत बसलेला असायचा, तिथून ओरडायचा, "घरात एवढी मोठी बाई आहे, एक पोर गप्प होत नाही?"

एवढी मोठी बाई. तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

एका सकाळी पोरीला गुंडाळायला काही मऊ मिळावं म्हणून तिनं वदीमाची पेटी उघडली. झाकण उचललं मात्र, ऊद-केशराचा भपका बाहेर आला आणि शम्सा रडता रडता थांबली. रांगत, चालत, पडत पेटीपाशी आली आणि आत तोंड खुपसून बसली. वरच केशरी ओढणी होती, आणि ओढणीच्या घडीत वदीमाची जादा बत्तूला, वापरून चेहऱ्याचा बाक आलेली.

कलथमनं इकडं तिकडं पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. तिनं पोरीकडं पाठ केली, आपली रुंद बत्तूला उतरवली, वदीमाची चढवली, ओढणी डोक्यावरून घेतली. कापड तिच्या गालांना आखूड पडत होतं. मग ती वळली.

"आई," शम्सा म्हणाली.

तो शब्द कलथमच्या कानात पहिल्यांदाच आपल्यासाठी शिरला. ती तिथंच खाली बसली. पोर मांडीवर चढली, बत्तूलेची कड मुठीत धरली आणि हुंदके देत झोपून गेली. आता इथं थांबली असती तर बाईला कुणी नाव ठेवलं नसतं. लेकराला निजवायला माणूस काय काय सोंगं करतं. पण भुकेल्याच्या हाताला दुसऱ्याचं ताट लागलं, की तो एक घास खाऊन उठत नाही.

वस्तीतल्या साऱ्या बत्तूला रफीआ कापायची. तोंडात दात नव्हते, जीभ मात्र कात्रीला लाजवील अशी. कलथम तिच्याकडं गेली आणि म्हणाली, "मला नव्या बत्तूला हव्यात. वदीमाच्या मापाच्या."

"ती मुंबईला ना? तिकडं पाठवायच्या?"

"मला घालायच्या."

रफीआनं कात्री खाली ठेवली. "अगं बाई! म्हाताऱ्या उंटिणीच्या पायात घुंगरं! तुझं कपाळ हे एवढं माळरान, त्यावर ही चिंधी कुठं पुरणार? आणि गाल? गालांना काय शेजारणीकडं ठेवायला देणार?"

"तू काप."

"कापते. पण सांग तरी, नाखवा म्हातारपणी चळलाय, की तू?"

"पोरीसाठी," कलथम म्हणाली. "ती ओळखते त्या मापाला."

रफीआनं कात्री उचलली. मग हसली. "असं होय. आयत्या बिळात नागोबा. बरं बरं. मग बारीक दोरी लावते हो, धाकटीच्या असते तशी. तुझी ती गलबत बांधायची दोरी शोभायची नाही तिला."

कलथम हळू बोलायला शिकली. वदीमाच्या पेटीतले कपडे धुपाटण्यावर पसरून तोच ऊद, तेच केशर त्यांत मुरवू लागली. खोकलासुद्धा शिकली. दारातून आत येताना दोनदा बारीक खोकायची, मग पोर जिथं असेल तिथून पळत यायची.

एक दिवस शम्सानं विचारलं, "मावशी कुठंय?" मावशी म्हणजे ती रुंद बत्तूलेची, रागीट.

"मावशी आगबोटीनं गेली," कलथम म्हणाली. "आजारी पडलीय. वाईट आजार."

"परत येणार?"

"न येवो."

पोर टाळ्या वाजवत म्हणाली, "न येवो! न येवो!"

बायकांचं काय, वारा येईल तिकडं शीड. आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग सवयीनं हसायच्या थांबल्या, आणि खजुरी पिकल्या तेव्हा विहिरीवर कुणीतरी सहज हाक मारली, "शम्साची आई, दोर सोड गं जरा." कलथमच्या हातातला पोहरा विहिरीत पडला. घरी येऊन तिनं त्या हाक मारणारीकडं टोपलीभर खजूर पाठवले.

मुसब्बह तेव्हा गलबत घेऊन बसऱ्याला गेला होता. परतला तो दिवेलागणीला. अंगणात केशरी ओढणीतली बाई पाठमोरी उभी राहून धुपाटण्यावर कपडे पसरत होती. बाई वळली. अरुंद बत्तूला, भुवयांवरची कमान. मुसब्बहच्या हातातलं गाठोडं गळून पडलं, आणि तो अशा आवाजात बोलला, की तसा आवाज त्याला आहे हे कलथमला ठाऊकच नव्हतं.

"वदीमा? कधी आलीस गं? बरी झालीस?"

"मी आहे," कलथम म्हणाली.

दिव्यावर फुंकर मारावी तसा त्याचा चेहरा झाला. "अच्छा. तू." त्यानं गाठोडं उचललं. "पोर रडत नाही ना आता? मग झालं तर."

पण तो "वदीमा" कलथमच्या काळजात काट्यासारखा मोडून राहिला. इतक्या वर्षांत "कलथम" त्या आवाजात त्यानं कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवसापर्यंत ती नुसतं घेत होती. त्या दिवसापासून ती काढून घेऊ लागली.

हिवाळ्याच्या तोंडाला मुंबईहून आलेल्या गलबतावरचा एक खलाशी दारात येऊन निरोप देऊन गेला. "नाखव्याची धाकटी बरी झालीय. पुढच्या आगबोटीनं येतेय. तिनं सांगितलंय, इस्पितळात तिची बत्तूला रोगाची म्हणून जाळून टाकली. घरी दुसरी आहे, ती किनाऱ्यावर पाठवा. उघड्या तोंडानं लेकीसमोर जायचं नाही म्हणाली, लेक घाबरेल."

"कळलं," कलथम दाराआडून म्हणाली. "सांगते घरात."

निरोप तिनं गिळला. नवऱ्याला एवढंच सांगितलं, की वदीमा येतेय. मग पेटीतली ती जुनी बत्तूला काढून चुलीत घातली. निळीचं कापड जळताना हिरवट ज्वाळा निघते, ती विझेपर्यंत बसून पाहिली. आणि दुकानात जाऊन निळीच्या कापडाचा होता तेवढा तागा घरी आणला. दुकानदार म्हणाला, पुढचा माल वारं फिरल्यावर येईल. "माझं काही अडत नाही," ती म्हणाली.

वदीमा आली ती शेल्यानं तोंड गच्च झाकून. मुसब्बह होडीपाशी गेला होता, त्यानं तिला दारापर्यंत आणून सोडली आणि पुरुषांत जाऊन बसला. अंगणात पाऊल टाकलं आणि तिला शम्सा दिसली, हातभर वाढलेली, केसांना तेल, डोळ्यांत सुरमा. बाईला कुठला धीर! तिनं शेला मागं सारला आणि हात पसरले.

"शम्सा! माझी सोन्याची!"

पोरीनं पाहिलं तो एक उघडा चेहरा. कपाळावर आणि गालांवर बत्तूलेनं राखलेले पांढुरके पट्टे, डोळ्यांभोवती उन्हानं काळवंडलेलं, बसलेले गाल, पुढं आलेला दात. असला प्राणी तिनं घरात कधी पाहिला नव्हता. ती किंचाळली. पळाली ती थेट केशरी ओढणीत. अरुंद बत्तूला खाली वाकली, तिच्या केसांवरून हात फिरला, आणि वदीमाच्या देखत, वदीमाच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "घाबरू नको बाळा. आई आहे ना."

वदीमा हात पसरलेल्या अवस्थेतच उभी राहिली.

"अक्का," ती शेवटी म्हणाली, "हे माझे कपडे आहेत."

"असू देत. तू नव्हतीस, कसर लागली असती."

"मी निरोप पाठवला होता."

"कुणाकडं? इथं कुणी आलं नाही बाई. खलाशाचा निरोप आणि वाळूवरचं पाऊल!"

"माझ्या पेटीत एक बत्तूला होती."

"जाळली. रोग्याच्या वस्तू जाळतात, तुझ्या इस्पितळवाल्यांनीही जाळल्या ना? म्हणजे... जाळत असतील," कलथम म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते तिला कळलं. वदीमालाही कळलं. तिनं मान वर केली, पण तिच्या छातीत भांडायला वारा नव्हता.

ती रफीआकडं गेली. रफीआ म्हणाली, "कापड नाही पोरी. सगळा तागा तुमच्याच घरी गेलाय. थोरलीलाच विचार. मी कात्री आहे, कापड नाही."

थोरलीला विचारलं. थोरलीनं तिला आपली टाकलेली रुंद बत्तूला काढून दिली. "घे, तोंड झाक. उघडी नको फिरूस, घराला बट्टा लागतो."

दुसरं काय करणार? वदीमानं ती चढवली. तिचं एवढंसं तोंड त्यात विहिरीत पडल्यासारखं दिसेनासं झालं. ती अंगणात आली तशी शम्सा खेळता खेळता थांबली. नीट न्याहाळलं. आणि ओरडली, "मावशी आली! आई, बघ, वाईट मावशी परत आली!"

कलथम त्या दिवशी पोटभर जेवली.

मग रोजचंच झालं ते. वदीमा घास घेऊन बसली की पोर तोंड फिरवायची, "मावशीच्या हातचं नको." वदीमा खोकली की पोर कलथमकडं संशयानं बघायची, हिचा खोकला मावशीनं चोरला कसा? वदीमानं एकदा नवऱ्याला सांगितलं. मुसब्बह दोन बायकांच्या मधे यायला समुद्रातल्या वादळापेक्षा जास्त भ्यायचा. म्हणाला, "पोर लहान आहे. येईल हळूहळू. कलथमनं तुझ्यामागं पोर वाढवलीय, तिचे उपकार मान." कलथम पडद्याआड उभी राहून ऐकत होती. तिनं स्वतःशीच मान डोलावली. उपकार तर उपकार.

रोजे संपले, ईद आली. पुरुष नमाजाला गेले. घरोघरी फिरणाऱ्या बायका नाखव्याच्या अंगणात शिरल्या, जरीच्या काठांचे कपडे सळसळवत, पुढं धुपाटणं फिरतंय, हरीसचं, गहू-मटण घोटून केलेल्या खिमटाचं, ताट मधे, कॉफीची सुरई हातोहात चाललीय. रफीआही आली होती, पाहुणी म्हणून भिंतीला टेकून बसली होती. जिचं पुरे झालं ती कप हलवून परत देत होती.

वदीमानं मुंबईहून लेकीसाठी जरीचा बुखनक आणला होता, लहान मुली डोक्यावरून घालतात तो, छातीवर सोन्याच्या तारांची वेलबुट्टी. इतके दिवस तो तिनं ईदसाठी राखून ठेवला होता. तिनं तो काढला आणि सगळ्यांसमोर शम्सापुढं गुडघ्यावर बसली.

"ये बाळा. तुझ्यासाठी आणलाय. घालू?"

शम्सानं जरीकडं पाहिलं, तिला मोह झाला. मग त्या रुंद बत्तूलेकडं पाहिलं. "दे. पण मावशीनं नाही घालायचा. आई घालेल."

एक-दोघी हसल्या. एकीनं कपात तोंड घातलं. कलथमनं पुढं होऊन वदीमाच्या हातातून बुखनक घेतला, पोरीच्या डोक्यावरून उतरवला, चेहऱ्याभोवती नीट बसवला. मग, तिथंच गप्प बसायचं सोडून, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नऊ महिने पोटात ठेवून कुणी आई होत नाही वदीमा. पोट काय, पेटीलाही असतं. लेकरू ज्याला ओळखतं ती आई. विचार या बायकांना, शम्साची आई कोण?"

रफीआ म्हणाली, "ईदच्या दिवशी मला कुणी काही विचारू नका, माझा रोजा सुटलाय, जिभेचाही सुटेल."

वदीमा उठली. हळू उठली, गुडघ्यावर हात टेकून, म्हातारी उठावी तशी. कलथमच्या मागं गेली. केशरी ओढणीच्या आत हात घातला, रफीआनं लावलेली ती बारीक दोरी बोटाला गुंडाळली आणि ओढली.

दोरी तटकन तुटली. ओढणी पायाशी पडली आणि तिच्यावर बत्तूला.

सुलतानच्या लेकीचं तोंड उन्हात उघडं पडलं होतं. जन्मभर झाकून जपलेली कातडी, कोंभासारखी फिकी, आणि तिच्यावर घामात उतरलेला निळीचा जांभळा ओघळ. वरच्या ओठावर बारीक पांढरी लव. कुणी हातांनी डोळे झाकले, कुणी बोटांच्या फटीतून बघितलं.

शम्सा किंचाळली.

"शम्सा!" कलथम तिच्याकडं वळली. "अगं मी! मी आहे बाळा, आई—" हळू बोलायचं ती विसरली. तो तिचा जुना खडा आवाज होता. आणि तो त्या उघड्या, हलणाऱ्या, ओल्या तोंडातून येत होता. पोर मागं सरकली, अडखळली, खाली पडलेल्या बत्तूलेवर जाऊन पडली, आणि तो कापडाचा तुकडा दोन्ही हातांनी छातीशी धरून त्यालाच म्हणू लागली, "आई, आई, आई."

ते पाहून रफीआनंसुद्धा तोंड फिरवलं.

वदीमा खाली बसली. रुंद बत्तूला सोडून बाजूला टाकली. पोरीनं डोळे गच्च मिटले होते. तिच्या मुठीतून वदीमानं ते कापड एकेक बोट उलगडत सोडवलं, चेहऱ्याला लावलं, तुटलेल्या दोरीला गाठ मारून बांधलं. बसलं. कुठं आखूड नाही, कुठं सैल नाही. तिच्याच मापाचं होतं ते. मग तिनं केशरी ओढणी डोक्यावरून घेतली आणि दोनदा बारीक खोकली.

शम्सानं डोळे उघडले. बराच वेळ बघत राहिली. नंतर मांडीवर चढली आणि बत्तूलेची कड मुठीत धरली.

"ती बाई कोण आहे?" तिनं कानात विचारलं, पण पोरांचं कानातलं साऱ्या अंगणाला ऐकू येतं.

"कुणी नाही," वदीमा म्हणाली. "पाहुणी."

बायका उठल्या. आता बसायचं तरी कुठल्या तोंडानं? कपडे सावरत, कलथमच्या बाजूला न बघता, एकेक दाराकडं निघाली. जाताना ईदचा निरोप घ्यावाच लागतो. घेतला. "येतो गं, शम्साची आई." "ईद सुखाची जावो, शम्साची आई." सगळं त्या अरुंद बत्तूलेला. रफीआ सगळ्यांत शेवटी गेली. ती दारात थांबली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि न बोलता गेली. रफीआ न बोलता गेली हे वस्तीत कुणाला खरं वाटलं नसतं.

वदीमा पोरीला घेऊन आत गेली. कलथम अंगणात वाळूवर बसून राहिली. पलीकडं तिची जुनी रुंद बत्तूला पडली होती, हात लांब केला असता तर लागली असती. तिनं केला नाही. कशाला? कुणासाठी?

बाहेर खाकरण्याचा आवाज झाला. मुसब्बह. घरात बायका असतील म्हणून पुरुष खाकरतो. आतून काही हालचाल ऐकू आली नाही तसा तो आत आला. पांढराशुभ्र पायघोळ कंदूरा, गळ्याच्या गोंड्याला अत्तर, खांद्यावर ईदचा काळा झगा, बिश्त, त्याची सोनेरी कड. कलथमनं मान वर केली. तिच्या मनात आलं, चला, आज बघतील. किती वर्षं मागत होते. झाकायला काही उरलंच नाही तर निदान हे तरी.

मुसब्बहनं पाहिलं. त्याची नजर तिच्या उघड्या तोंडावर पडली आणि चटका बसल्यासारखी जमिनीकडं वळली.

"माफ करा हो बाई," तो घाईघाईनं मागं सरकत म्हणाला. "मला वाटलं घरचीच माणसं आहेत. माफ करा."

एक शब्द बोलली असती तर त्यानं आवाजावरून ओळखलं असतं. पण मग तिला सांगावं लागलं असतं, की ही मी. आपल्याच नवऱ्याला, आपल्याच अंगणात. तिची आई सुलतानच्या घरात मेली तरी असं सांगायची पाळी तिच्यावर आली नव्हती. कलथमनं दात मिटून घेतले.

दाराबाहेरून, पाठ करून, मुसब्बहनं आत हाक दिली, "कलथम! अगं कुठं आहेस? ही कुणी पाहुणी उन्हात बसलीय, तिला कॉफी तरी दे!"

मग वदीमा बाहेर आली. एका हातात सुरई, दुसऱ्या हातात कप, आणि पोर ओढणीला धरून मागं. ती कलथमसमोर वाकली, पाहुण्याला ओततात तशी थोडीशी कॉफी ओतली आणि उजव्या हातानं पुढं धरली.

कलथमनं कप घेतला. तोंडासमोर कड उचलायला तिचा डावा हात सवयीनं वर गेला, आणि तिथं काहीच नव्हतं. ती प्यायली. मग पाहुणे हलवतात तसा कप हलवून परत दिला.